वर्गात हात मोडला, तर दवाखान्याचं बिल कोणी भरायचं?

तिसरा तास पीटीचा होता. सहावीतला एक पोरगा लंगडी खेळताना तोल जाऊन हातावर पडला. पडल्यावर तो रडला नाही, आम्हाला पहिल्यांदा खटकलं ते तेच. सर त्याला ऑफिसात घेऊन आले तेव्हा डावं कोपर टम्म सुजलं होतं आणि हाताची बोटं गार पडली होती. शिपाईमावशींनी शर्टाची बाही कात्रीने कापली. पोरगं एवढंच म्हणालं, "आई ओरडंल, नवा हाय शर्ट."

मी एका अनुदानित शाळेत लिपिक आहे. बोनाफाइड, शाळा सोडल्याचा दाखला, शालार्थ म्हणजे पगाराची ऑनलाइन कामं, यूडायस म्हणजे शाळेच्या माहितीची ऑनलाइन नोंद, यांतच माझा दिवस जातो. अपघाताचा प्रस्ताव, म्हणजे जखमी मुलाला सरकारी मदत मिळावी म्हणून पाठवायचे कागद, मी त्याआधी कधी केला नव्हता. त्या दिवशी दुपारी जवळच्या एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवर त्याचे वडील उभे होते. टेम्पो अर्ध्या रस्त्यात उभा करून आले होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "ऑपरेशन लागेल, वीस हजार डिपॉझिट भरा." ते माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, पोरगं शाळेत पडलंय. मंजे शाळाच भरणार ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

खरं उत्तर मला नंतर कळलं, आणि ते असं आहे की काउंटरवरचे पैसे आधी आईवडीलच भरतात. मूल शाळेच्या वेळेत पडलं एवढ्यावरून शाळेने दवाखान्याचं बिल तिथल्या तिथे भरलंच पाहिजे, असं आपल्याकडचा कुठलाही नियम सांगत नाही. मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून पाच हजार काढून देतात, शिक्षक वर्गणी काढतात. पण तो माणुसकीचा भाग झाला, त्यावर हक्क सांगता येत नाही. हक्काचा पैसा वेगळ्या वाटांनी येतो. काही वाटा दवाखान्यात शिरण्याआधीच पकडाव्या लागतात, काही नंतर.

या सगळ्यात लोक दोन प्रश्नांची गल्लत करतात. चूक कोणाची, हा एक प्रश्न. पैसे कुठून येतील, हा दुसरा. पालकांना वाटतं, शाळेची चूक सिद्ध झाली तरच पैसे मिळतील, म्हणून ते भांडायला येतात. शाळेला वाटतं, पैशाचा कागद केला म्हणजे आपण चूक कबूल केली, म्हणून शाळा कागदच करत नाही. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना मिळणारा पैसा चुकीवर अवलंबूनच नसतो.

कुठे नेता, यावर निम्मं बिल ठरतं

आमची पहिली चूक इथेच झाली. घाईत जो दवाखाना जवळ दिसला तिथे नेलं. तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना नव्हती, आणि ती असलेलं रुग्णालय चार किलोमीटरवर होतं.

ही योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते आणि एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पूर्वी ही मर्यादा दीड लाख होती आणि पांढरं रेशनकार्ड असेल तर योजना लागू नव्हती. आता कार्डाचा रंग आडवा येत नाही. हाडांच्या बऱ्याच शस्त्रक्रिया यादीत आहेत. यादीतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार द्यायचं. तातडीच्या केसमध्ये कागद मागाहून दिले तरी चालतं, पण आपण योजनेतले आहोत हे दाखल होतानाच सांगावं लागतं. कारण ही योजना कॅशलेस आहे. बाहेर बिल भरून नंतर पावत्या घेऊन गेलात तर ती पैसे परत देत नाही. योजनेतलं रुग्णालय चार किलोमीटरवर असणं आणि ते माहीत नसणं, यात आमच्या पोराच्या घरचे चाळीसेक हजार अडकले.

सरकारी रुग्णालयाचा पर्याय लोक पटकन झटकून टाकतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. साधं फ्रॅक्चर असेल आणि प्लास्टरवर भागणार असेल, तर तिथे खर्च जवळजवळ नाहीच. १०८ ची रुग्णवाहिकाही मोफत आहे. आमच्याकडे पोराला सरांच्या स्कूटीवर मधे बसवून नेलं होतं, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो. कोपराजवळचं हाड मोडलं की तिथली रक्तवाहिनी दबू शकते. गार पडलेली बोटं त्याचीच खूण होती.

शहरात तिसरी सोय असते ती धर्मादाय रुग्णालयांची. ज्या रुग्णालयाच्या पाटीवर 'धर्मादाय' लिहिलेलं असतं, त्याला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असला तर ही सवलत मिळते. नसला तर नातेवाइकांना दवाखाना आणि तहसील कचेरी यांच्यात खेटे घालावे लागतात.

आणि डिपॉझिट नाही म्हणून, किंवा 'पोलीस केस आहे' म्हणून, तातडीच्या रुग्णाला हात न लावता परत पाठवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. काउंटरवर कायद्याची कलमं सांगत बसण्यात अर्थ नसतो हे खरं. पण "केसपेपरवर लिहून द्या की पैसे नाहीत म्हणून घेत नाही," एवढं शांतपणे म्हटलं की पुष्कळदा आतला डॉक्टर बाहेर येतो.

राजीव गांधी योजना

आता ज्या योजनेचं नाव शाळेच्या सूचनाफलकावर असायला हवं आणि नसतं, तिच्याकडे येऊ.

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २००३ साली पहिली ते बारावीच्या मुलांसाठी अपघाताची योजना सुरू केली. तेव्हा ती विमा कंपनीमार्फत चालायची आणि त्यात दावे अडकून पडायचे. पुढे सरकारने विमा कंपनी मधून काढली आणि पैसे थेट स्वतः द्यायचं ठरवलं. म्हणून आता नाव आहे 'राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना'. पालकांना कुठेही हप्ता भरावा लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही. मूल पटावर आहे, एवढं पुरतं.

२१ जून २०२२ च्या शासन निर्णयाने रकमा वाढल्या. अपघाती मृत्यू झाला तर दीड लाख. दोन अवयव, दोन डोळे, किंवा एक अवयव आणि एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. एक अवयव किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर ७५ हजार. आपल्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली तरतूद म्हणजे अपघातामुळे शस्त्रक्रिया करावी लागली, तर दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, जास्तीत जास्त एक लाखापर्यंत. खेळाच्या स्पर्धेत लागलं, शाळेत जड वस्तू अंगावर पडली, भाजलं, विजेचा धक्का बसला अशा जखमांच्या खर्चालाही तीच एक लाखाची मर्यादा आहे.

'सानुग्रह' या शब्दाशी थोडं थांबायला हवं. सानुग्रह म्हणजे अनुग्रहाने दिलेलं. सरकार इथे भरपाई देत नाही, मदत देतं. म्हणून ही रक्कम घेतल्याने शाळेने चूक कबूल केली असं होत नाही, आणि पालकांचा दावा लावण्याचा हक्कही जात नाही. शिवाय मूल कुठे पडलं याला या योजनेत फारसं महत्त्व नाही. ते वर्गात पडो, विहिरीवर पडो की आजोळच्या गोठ्यात, पटावरचं मूल आणि अपघात, एवढं जुळलं पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न, मुद्दाम करून घेतलेली इजा, नशेत झालेला अपघात, गुन्हा करताना लागलेलं आणि मोटारींच्या शर्यतीतला अपघात, हे मात्र वगळलेलं आहे.

हे मला माहीत नव्हतं तसं आमच्या मोठ्या सरांनाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि म्हणाले, "अहवालात लिहा, शाळा सुटल्यावर घरी जाताना रस्त्यात पडला." मी म्हटलं, "सर, चाळीस पोरांनी पाहिलंय." ते म्हणाले, "संस्थेला उत्तर तुम्ही देणार का?" मी तसंच लिहिलं. माझ्या अक्षरात लिहिलं, हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

तो अहवाल जोडून या योजनेसाठी पाठवलेला प्रस्ताव महिन्याभराने परत आला. दवाखान्याच्या केसपेपरवर आईने सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'शाळेत खेळताना पडून इजा'. आमच्या अहवालात 'रस्त्यात पडून'. प्रस्ताव तपासणाऱ्या बाबूने लाल पेनाने दोन्ही ओळींना गोल केला होता आणि समासात प्रश्नचिन्ह. खरं लिहिलं असतं तर पैसे आले असते आणि शाळेचं काहीही बिघडलं नसतं. रस्ता असो की शाळा, योजनेला काहीच फरक पडत नव्हता. आम्ही भिऊन खोटं लिहिलं, आणि प्रस्ताव अडकला तो त्या खोट्यानेच.

प्रस्तावाचा प्रवास असा असतो. पालकांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे, तिथून गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात, मग जिल्ह्याच्या समितीपुढे. सोबत विद्यार्थी त्या वर्षी पटावर असल्याचा बोनाफाइड, हजेरीची प्रत, अपघाताचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेचा उल्लेख असलेलं डॉक्टरांचं पत्र, मूळ बिलं आणि पैसे भरल्याच्या पावत्या. कायमचं अपंगत्व असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र लागतं. मृत्यू असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. खात्याचं पासबुक आईचं आधी जोडावं, कारण वारसांच्या क्रमात आई पहिली येते.

आमच्या तालुक्याच्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगतो. 'एस्टिमेट' हे बिल नव्हे. दवाखान्याने सुरुवातीला अंदाज म्हणून दिलेला कागद पालक जपून ठेवतात आणि शेवटचं बिल हरवतात. आणि नावाचं स्पेलिंग. केसपेपरवर 'सोनू', पटावर 'स्वप्नील' असेल तर प्रस्ताव परत येतोच. दाखल करताना घरचं नाव सांगू नका, पटावरचं पूर्ण नाव सांगा.

साधं प्लास्टर घालून संध्याकाळी घरी पाठवलेल्या मुलाचं काय? एक्स-रे, प्लास्टर, गोळ्या मिळून दोनतीन हजार. शस्त्रक्रिया नाही, अपंगत्व नाही. असा प्रस्ताव पुढे सरकताना मी तरी पाहिलेला नाही. हा खर्च घरच्यांच्याच अंगावर पडतो, आणि शाळेत होणाऱ्या दुखापतींत अशाच सगळ्यात जास्त असतात.

शाळेचा विमा, घरचा विमा

बऱ्याच खासगी शाळा फीमध्येच 'विद्यार्थी सुरक्षा विमा' म्हणून शंभर-दोनशे रुपये घेतात. पावतीवर ती ओळ असते, पण पॉलिसी कोणी पाहिलेली नसते. ती मागून घ्या. तिच्यात पाहायचं एवढंच की 'वैद्यकीय खर्च' असं वेगळं कलम आहे का. पुष्कळ स्वस्त पॉलिसी फक्त मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांपुरत्या असतात. हात मोडला, बरा झाला, तर त्या एक रुपया देत नाहीत. कलम असलंच तर मर्यादा किती, संरक्षण शाळेच्या वेळेपुरतं की चोवीस तास, आणि कंपनीला किती तासांत कळवायचं, हे बघा. क्लेम फॉर्मवर शाळेचा सही-शिक्का लागतो आणि मास्टर पॉलिसीचा, म्हणजे सगळ्या मुलांच्या मिळून एकाच पॉलिसीचा, नंबरही शाळेकडेच असतो. त्यामुळे इथेही शाळेशी भांडण होण्याआधी कागद घेतलेले बरे.

काही संस्था 'उत्तरदायित्व विमा' काढतात. तो वेगळा. तो मुलाच्या दुखापतीचा नसतो, शाळेवर येणाऱ्या जबाबदारीचा असतो. शाळेचा निष्काळजीपणा ठरला आणि भरपाई द्यावी लागली तरच कंपनी पैसे मोजते. पालकांनी त्याच्या भरवशावर डिस्चार्जची वाट पाहू नये.

घरचा मेडिक्लेम असेल तर बहुतेक वेळा सगळ्यात जलद वाट तीच. नवीन पॉलिसीला पहिले ३० दिवस आजारपणाचे क्लेम चालत नाहीत, पण अपघाताला ती अट नसते. म्हणजे गेल्या आठवड्यात पॉलिसी घेतली आणि आज मूल पडलं, तरी क्लेम बसतो. मात्र साधारणपणे दवाखान्यात २४ तास दाखल असावं लागतं, किंवा 'डे-केअर' यादीतली, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशी, शस्त्रक्रिया असावी लागते. बाहेरच्या बाहेर घातलेलं प्लास्टर त्यात सहसा बसत नाही.

आई किंवा वडील ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) कक्षेत असतील, म्हणजे महिना पगार २१ हजारांपर्यंत आणि पगारातून वर्गणी कापली जात असेल, तर मुलाचे उपचार ईएसआयच्या रुग्णालयात होतात. एमआयडीसीत काम करणाऱ्या कितीतरी जणांच्या पाकिटात ते कार्ड असतं आणि मूल पडल्यावर त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

बँकेत ज्याचे वर्षाला २० रुपये कापले जातात तो पंतप्रधान सुरक्षा विमा इथे उपयोगाचा नाही. तो १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, आणि तो दवाखान्याचं बिल देतच नाही.

दोन ठिकाणांहून पैसे घेता येतात का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. प्रत्यक्ष खर्चावर मिळणारा पैसा एकाच बिलावर दोनदा मिळत नाही. मेडिक्लेमने चाळीसपैकी तीस हजार दिले, तर उरलेल्या दहा हजारांसाठी दुसरीकडे जाता येतं. त्यासाठी कंपनीचं सेटलमेंट पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती जपून ठेवायच्या, कारण मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे जातात. ठरीव रक्कम, म्हणजे 'डोळा गेला तर अमुक हजार' अशा प्रकारची, मात्र वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळी मिळू शकते. ती बिलावर नसते, इजेवर असते.

चूक शाळेचीच असेल तर

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, चूक कोणाची.

पोरं पळतात, पडतात. सपाट मैदानात, शिक्षक समोर असताना लंगडी खेळणारं मूल पडलं तर त्याला कायदा निष्काळजीपणा म्हणत नाही. पण तीन वर्षांपासून ओल आलेल्या छताचा गिलावा बाकावर कोसळला, जमिनीत न रोवलेला फुटबॉलचा गोलपोस्ट पोरावर आडवा झाला, प्रयोगशाळेत सर नसताना मुलांच्या हाती ॲसिडची बाटली गेली, तर हा अपघात टाळता आला असता आणि टाळायचं काम शाळेचं होतं. समजूतदार आईबापांनी घेतली असती तेवढी काळजी शाळेने घ्यायला हवी, ही कायद्याची कसोटी आहे. काळजी घ्यायला शिक्षक चुकला, तरी पैसे मोजायची जबाबदारी संस्थेवर येते.

या बाबतीतला महत्त्वाचा निकाल व्यास नदीवरच्या दुर्घटनेचा आहे. मे १९९५ मध्ये पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल हिमाचलात गेली आणि १४ मुलं नदीत बुडाली. हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपये द्यायला सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते कायम केले. सहलीला नेणारे शिक्षक होते, पण पैसे द्यावे लागले ते शाळेला.

दुसरं प्रकरण बंगळुरूचं. डिसेंबर २००६ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर उत्तर भारतात गेलेली १४ वर्षांची मुलगी तापाने आजारी पडली. बरोबरच्या शिक्षकांनी वेळेवर उपचार केले नाहीत आणि मेंदूज्वराने ती कायमची अंथरुणाला खिळली. राज्य ग्राहक आयोगाने ८८ लाख ७३ हजारांवर भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती ५० लाखांवर आणली, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रक्कम पुन्हा कायम केली. सहल २००६ ची, शेवटचा निकाल २०२१ चा. मधली चौदाएक वर्षं त्या घराने औषधं कशी आणली असतील, हे कुठल्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं.

दावा लावायचा कुठे, यात एक मेख आहे. ग्राहक आयोग स्वस्त आणि सोपा, म्हणून लोक तिकडे धावतात. पण राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये ठरवलं की शिक्षणसंस्था, आणि त्यांच्या पोहणं-सहल यांसारख्या उपक्रमांसकट, ग्राहक कायद्याखाली येत नाहीत. कोचिंग क्लास मात्र येतात. म्हणजे खासगी क्लासच्या जिन्यात मूल पडलं तर ग्राहक आयोग, शाळेच्या जिन्यात पडलं तर दिवाणी न्यायालय. हे मला कधी नीट पटलेलं नाही, पण आज वाट अशीच आहे.

दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मूल अल्पवयीन असल्याने त्याची मुदत ते १८ वर्षांचं झाल्यावर मोजायला लागते. कायद्याने वेळ भरपूर मिळतो, पण एवढ्या वर्षांत साक्षीदार पोरं पांगतात आणि शिक्षकांच्या बदल्या होतात. वकिलाच्या फीची भीती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. लहान मुलांना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो.

सहलीच्या आधी शाळा पालकांकडून सही घेते, 'काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही'. त्या कागदाला पालक उगाच घाबरतात. तुम्ही मुलाला पाठवायला संमती दिलेली असते, निष्काळजीपणाला दिलेली नसते.

दुसऱ्या पोराने ढकललं असेल तर त्याच्या आईबापांकडून बिल वसूल करता येतं का? आपल्याकडे केवळ आईबाप आहेत म्हणून ते मुलाच्या कृत्याला पैशाने जबाबदार ठरत नाहीत, त्यांची स्वतःची काही चूक दाखवावी लागते. प्रत्यक्षात हे प्रकरण ऑफिसात चहावर मिटतं आणि निम्मं-निम्मं होतं. मला त्यात काही गैर वाटत नाही.

शिक्षकाने मारल्यामुळे लागलं असेल तर ते अपघात या सदरात बसतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागू शकतं, आणि दवाखान्यात तशी नोंद, ज्याला एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणतात, करून घ्यावी लागते. अशा वेळी 'खेळताना पडला' असं सांगायचा दबाव येतो. आमच्यापेक्षा वाईट कारणासाठी, पण दबाव त्याच जातीचा.

स्कूलबस किंवा रिक्षाचा अपघात असेल तर सगळं चित्रच बदलतं. तिथे गाडीचा विमा आणि मोटार अपघात न्यायाधिकरण येतं. शिवाय मे २०२५ पासून रस्ता-अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे, पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत. बारावीनंतर राजीव गांधी योजना संपते. पुढे विद्यापीठ किंवा कॉलेजचा गट-विमा असेल तर तो बघायचा.

आमच्या पोराचं

मी मोठ्या सरांच्या पुढ्यात लाल गोल केलेला कागद ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "खरं लिहा." पीटीच्या सरांचा जबाब घेतला, वर्गातल्या दोन मुलांची नावं घातली, वेळ घातली, तिसरा तास, अकरा वाजून वीस मिनिटं. शाळेत अपघाताची वही नव्हती. शंभर पानी घेतली, पानांवर नंबर घातले, आणि पहिली नोंद त्याचीच केली, तारीख उलटून गेलेली असली तरी 'उशिरा नोंद' असा शेरा मारून.

पैसे पुढच्या शैक्षणिक वर्षात आईच्या खात्यावर आले. खर्च झाला होता ४६,३०० आणि आले ४१,८००. वडील पासबुक घेऊन आले, पोरगंही बरोबर होतं, हात पूर्ण सरळ होत नव्हता अजून. उरलेले साडेचार हजार म्हणजे बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली औषधं आणि पट्टा. दुकानदाराने कोऱ्या चिठोऱ्यावर पेनाने आकडे लिहून दिले होते. वडिलांनी ते चिठोरे घडी करून पासबुकात ठेवले होते.

"भाऊसाहेब, त्याच्याकडनं आता पक्कं बिल मिळंल का?"

मी फोन लावून पाहिला. तो म्हणाला, मागच्या वर्षीचं आता कुठून काढू?